चौकशीची खिडकी बंद आहे

२ जून
जमिनीवर चिकटवायचा एक पिवळा बाण, दीडशे रुपये. मजुरी धरून दोनशे. तो माझ्या देखत सरळ लागावा म्हणून बायकोच्या भाचीचं लग्न बुडवलं, ते धरलं तर आकडा सांगवत नाही. पद्मावती अजून बोलत नाही.
परवा मेट्रोची नवी लाइन सुरू. जुनीतून उतरायचं, बाण बघायचे, नवीत चढायचं. वरिष्ठ त्रिवेणी मॅडमना सांगून टाकलं, महिन्याभरात या स्टेशनात कोणी कोणाला रस्ता विचारणार नाही. चौकशीची खिडकीही बंद करवली. मॅडम म्हणाल्या, बघा हं, जंक्शन तुमच्याकडे राहतं की तुमच्या हाताखालच्या कुलदीपकडे जातं, ते यावरच. बघायचं काय त्यात? बसची कंडक्टरकी करून इथवर आलोय. पब्लिक मला तोंडपाठ.

४ जून, सकाळी
सुरू झाली. गर्दी उत्तम. विचारणारे बरेच. पहिलाच दिवस.

७ जून
लोक बाणावर उभे राहून विचारतात. एक आजोबा बाणाच्या टोकावर पाय ठेवून म्हणाले, मियाँ, ये तीर सच बोलरा क्या? हो म्हटलं. खूश होऊन गेले. मागच्यानं हे सगळं ऐकलं होतं. त्यानंही तेच विचारलं.
उपाय: बाण मोठे करणे.

१२ जून
मोठे लागले. आता विचारतात, इतने बड़े कायकू करे, रास्ता बदला क्या?
माझे कान तिखट. लोकांचं ऐकून बाण दोनदा हलवले. कुलदीप म्हणाला, सर, रोजच्या लोकांना आत्ता कुठे पाठ झालं होतं. पोरगा हुशार आहे. अनुभव नाही.

१९ जून
पद्मावती तारनाक्याहून कोठीला डॉक्टरकडे निघाली होती. आमच्याच स्टेशनातून फोन. अहो, बाण दिसतोय, पण खरा आहे का? म्हटलं, मी लावलाय. म्हणाली, म्हणून तर विचारतेय.

२२ जून
चष्मा आणायला सुलतान बाजारात. दुकानाची पाटी समोरच होती. तरी पानवाल्याला विचारलं. आत जाऊन दुकानदारालाही विचारलं, हेच ना? याला विचारणं म्हणत नाहीत. माणुसकी.

३० जून
खिडकीवरचा ‘बंद’ कागद वाचून लोक मला विचारतात, कब खुलता? दिवसभर हो, हो, सरळ, सरळ. घसा बसला. पद्मावतीनं हळदीचं दूध पुढे ठेवलं. बाण हरले याचं वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. दूध प्यालो.

४ जुलै
महिना झाला. मॅडमनी बोलावलं, चहा दिला. म्हणाल्या, प्रभाकरगारू, तेच ते उत्तर न चिडता देणारा तुमच्यासारखा माणूस अख्ख्या लाइनवर नाही. मोठी गोष्ट आहे. कुलदीपला बघून शिकायला सांगितलं पाहिजे.
जंक्शन कुलदीपकडे गेलं.
सोमवारी चौकशीची खिडकी उघडते. आत मी बसायचं आहे.