नळ कुठे अडतात?

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम. तुझ्या वहिनीचा गुडघा आणि माझा स्वभाव, दोन्ही जैसे थे.

तू आपल्या कारखान्यातल्या लोकांना शिकवायला येणार, म्हणजे दर शनिवारी अर्धी पाळी बंद. मोठ्या गिऱ्हाइकानं बजावलंय, की मार्चअखेर माल वेळेवर आला नाही तर नळांची ऑर्डर दुसरीकडे जाईल. ती गेली तर निम्म्या लोकांना घरी बसवावं लागेल. अशात फळ्यावर खडू घासायचा म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणंच की. तरी ये. तुला नाही म्हणायला मला कधी जमलंय?

मालाची काळजी नको. मी स्वतः उघडून-बंद करून बघितल्याशिवाय एकही नळ खोक्यात जात नाही.

माझे आशीर्वाद आहेतच, पण वेळेवर ये.
तुझा दादा

ता. २० फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.
तुझे लोक हुशार आहेत. इतकी वर्षं त्यांना फक्त हात चालवायला सांगितलंस, म्हणून डोकी कोरी करकरीत राहिली आहेत. गृहपाठ दिलाय: एका नळाच्या मागोमाग ओतकामापासून गाडीपर्यंत चालायचं आणि तो कुठे थांबतो ते बघायचं. शिवाय भंगारातल्या पाइपांचा त्यांनी एक सांगाडा जोडलाय. खोकंभर नळ एकदम पाण्याच्या दाबाखाली तपासता येतात. बघून तरी घे, नाक मुरडू नकोस.

वहिनीला नमस्कार. राग आला तरी लोभ कमी करू नये.
तुझी धाकटी

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. मानलं तुला! फोरमन सांगत होता, की सगळे नळ एकाच जागी तुंबतात. पुढे विचारलं तर त्याच्या तोंडाला कुलूप. कुणाला पाठीशी घालतोय कोण जाणे. मी सगळ्यांना गोळा करून ठणकावलं, की तिथला माणूस आजच्या आज हलवा, मग तो कुणाचा सख्खा भाऊ का असेना. माझ्या कारखान्यात वशिला चालत नाही. सगळे खाली मान घालून उभे राहिले. शिस्त अशी लागते!

सांगाडा बघायला सवड झाली नाही. माझ्या टेबलापाशी नळांची ही रास पडली आहे.

कळावे, आशीर्वाद धरून ठेव.
तुझा दादा

ता. २ मार्च

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.
बिचाऱ्या फोरमननं घाबरून मला फोन केला. मालकांचा हुकूम मोडावा तर पंचाईत, पाळावा तर त्याहून पंचाईत, म्हणत होता.

दादा, तो माणूस खरंच एका बाईचा सख्खा भाऊ आहे. माझा.

आता पत्र फाडू नकोस. तू तपासायला लागलास तेव्हा दिवसाला चारच खोकी निघायची; मग कारखाना वाढला, तुझे हात तेवढेच राहिले. त्या सांगाड्याला एक दिवस तरी संधी दे. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे.

तुझ्यावर लोभ आहे म्हणूनच लिहिलं.
तुझी धाकटी

ता. ३० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. आठवडाभर तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. मग सांगाड्यातून पास झालेलं एक खोकं घेऊन कोपऱ्यात बसलो आणि प्रत्येक नळ पुन्हा तपासला. एक तरी गळावा म्हणून किती आशेनं बघत होतो, काय सांगू! मेला एकही गळला नाही.

दुसऱ्या दिवशी हुकमाची अंमलबजावणी झाली. चौघांनी माझं टेबल उचललं, पाचवा मी हात लावला.

गेल्या आठवड्यात, मुदतीच्या आधी, शेवटची गाडी सुटली. ऑर्डर राहिली, कुणाला घरी जावं लागलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी फाटकाशी पाहुण्यासारखा उभा. आनंद झाला गं, खूप झाला. पण डोळे भरून आले ते तेवढ्यानंच नव्हे. वहिनी म्हणते, आता निवांत घरी बसा. दोन दिवस बसलो, तर तिसऱ्या दिवशी तिनंच कारखान्यात पिटाळलं.

तू माझ्या सगळ्या माणसांना काम करायला शिकवलंस. आता एक शनिवार माझ्यासाठी काढ आणि ती काम करत असताना मालकानं हात कुठे ठेवावेत, तेवढं शिकव.

तुझा दादा