पंचवीसच्या पुढे

९ डिसेंबर, सकाळ

चि. ठकीस,

आशीर्वाद. तू, जावईबापू आणि बाळ खुशाल असाल. बाळाला दुसरा दात आल्याचं कळलं. दिसेल त्याला चावत असेल तर थेट तुझ्यावर गेलाय, दुसऱ्या कुणाला बोल लावू नकोस.

माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरातलाच झालाय. स्वयंपाकघरातला गळका नळ मी स्वतः बदलला. दोनदा अंघोळ झाली, पण बदलला. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय.

पत्र बघून दचकली असशील. एक दिवसाआड फोन होतो, मग हे काय मध्येच? फोनवर तू काही विचारतेस आणि मी हवापाण्यावर घसरतो, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला.

तुझा नियम लागू होऊन चार महिने झाले. कचेरीत सगळे त्याला ‘साहेबांच्या मुलीचा नियम’ म्हणतात. ताशी पंचवीसपर्यंत जाणारी इलेक्ट्रिक सायकल मोकळी. त्यापुढे जाणारी असेल तर नंबर प्लेट, हेल्मेट, परवाना आणि त्यासाठी माझ्यासारख्या परीक्षकापुढे चाचणी. अकरा हजार सह्या तू दारोदार फिरून गोळा केल्यास, तेव्हा बाळ पोटात होतं. मैदानावर रोज रांग लागते. गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले. म्हणाले, आज सायकलला परवाना मागताय, उद्या चालायलाही मागाल. मी म्हटलं, तुम्ही ताशी चाळीसने चालत असाल तर आजच अर्ज भरा. हसले, आणि पहिल्याच शंकूला धडकले.

असो.

ऑक्टोबरच्या शेवटी एक अर्ज माझ्यासमोर आला. नाव वाचलं आणि पुढच्या ओळी दिसेनात. ती होती. दोन वर्षांपूर्वी जिच्या सायकलच्या धडकेने तुझी आई गेली, ती परिचारिका. अजूनही तेच काम करते, घरोघर जाऊन अंथरुणावरच्या रुग्णांच्या जखमा बांधते. तेव्हा असल्या सायकलींना नियमच नव्हता, म्हणून ती निष्काळजीपणाच्या दंडावर सुटली होती. आता रीतसर परवाना काढायला आली होती.

मी वरिष्ठांना सांगायला हवं होतं की ही चाचणी मला देऊ नका. सांगितलं नाही. शिट्टी उचलली आणि मैदानावर गेलो.

तिने सगळं नीट केलं. वळण्याआधी मान मागे वळवून बघितलं, हात दाखवला, पांढऱ्या रेषेच्या वीतभर अलीकडे सायकल थांबवली. मी शेऱ्यात लिहिलं, ‘आठचा आकडा काढताना पाय टेकला. नापास.’

ठके, तिचा पाय टेकला नव्हता.

तिने कागद वाचला, माझ्या तोंडाकडे बघितलं, ‘बरं’ म्हणाली आणि सायकल हाताने ढकलत फाटकाबाहेर गेली. पुन्हा चाचणी द्यायला तीस दिवस थांबावं लागतं. त्या महिन्यात ती बसने फिरली. लांबचे चार रुग्ण तिला सोडून द्यावे लागले, हे मला नंतर कळलं.

तुला वाटेल, बरंच केलंत बाबा. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवसापासून तसं वाटेना.

गेल्या गुरुवारी ती परत आली. सायकल स्टँडला लावली आणि चाचणीआधी दोन मिनिटं बोलायचंय म्हणाली. आम्ही शंकू ठेवायच्या खोलीच्या पायरीशी उभे राहिलो. मला वाटलं, आता तक्रारीचं बोलणार. मी मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, “मागच्या वेळी मला का नापास केलंत ते कळलंय मला. त्याबद्दल काही म्हणायचं नाही.”

मी शिट्टी खिशात घातली.

“फक्त एक विचारते. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानाबाहेर पांढऱ्या शर्टात उभे होते, ते तुम्हीच ना?”

तुला तिचा जबाब आठवत असेल. आठवणारच, तू तो नियमासाठी नेमलेल्या समितीपुढे मोठ्याने वाचून दाखवला होतास. ‘त्या बाई कडेला थांबल्या होत्या. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाने त्यांना हात करून बोलावलं, म्हणून त्या पुढे आल्या.’ पोलिसांना असा माणूस सापडला नाही. दुकानदाराने पाहिला नाही. मी म्हणालो होतो, मी दुकानात गल्ल्यापाशी बिल घेत होतो, बाहेर आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आणि तू म्हणाली होतीस की दोष झटकायला या बाईने एक म्हातारा उभा केला. सभागृहात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मीही वाजवल्या.

तो म्हातारा मी होतो, ठके.

आई समोरच्या दुकानातून काहीतरी घेऊन येत होती. रस्त्याच्या कडेला थांबली, दोन्हीकडे बघू लागली, तिच्या सवयीने सावकाश. मला घाई होती. कसली, तेही आता आठवत नाही. मी हात हलवला आणि म्हणालो, “अगं ये की, काही येत नाहीये.” मी बघितलंच नव्हतं. आवाज नव्हता म्हणून म्हणालो. त्या सायकलींना आवाज नसतो, हे मी गेल्या आठवड्यापर्यंत रोज पन्नास जणांना सांगत होतो. एकतीस वर्षं लोकांना ‘आधी बघा, मग पाय उचला’ शिकवणारा माणूस मी. ती माझ्या शब्दावर खाली उतरली. रस्त्याचं तिला माझ्याइतकं कुणाचंच पटायचं नाही.

पायरीशी उभं राहून मी त्या बाईला एवढंच म्हणालो, “हो, मीच.”

ती हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “दोन वर्षं मला वाटत होतं की मला भास झाला. घरचेही तसंच म्हणायला लागले होते.” आणि पुढे म्हणाली, “मी चाळीसच्या वर होते. तुम्ही बोलावलं तरी मी पंचवीसवर असते तर थांबले असते. ते माझ्याकडेच राहील.”

मी त्या दिवशी तिची चाचणी घेतली नाही. वरिष्ठांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, खोट्या शेऱ्यासकट. त्यांनी दार लावून घेतलं आणि पाणी दिलं. मग नाइलाजाने लेखी मागितलं. चाचणी माझ्या सहकाऱ्याने घेतली. ती पास झाली. सही त्याची आहे, माझी नाही. मैदानावरून मला काढलंय, चौकशी लागलीये. निवृत्तीला सात महिने उरलेत, तेवढे पुरे होऊ देतील की नाही सांगता येत नाही. जे होईल ते मला मान्य आहे.

शनिवारी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलला. तिथला अधिकारी तरुण होता. दोन वर्षांनी का, असं त्याने विचारलं.  शेवटी त्याने उत्तराची जागा कोरी सोडली. जबाबाची एक प्रत मी तिच्या घरी पोचवली. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. कागद वाचून त्या म्हणाल्या, आत या. मी गेलो नाही.

तुझ्या नियमाबद्दल मनात काही आणू नकोस. तो बरोबर आहे. माझी चूक कळली म्हणून चाळीसचा वेग कमी होत नाही. पण त्या सभागृहात तू तिला खोटारडी म्हणालीस ते माझ्यामुळे. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून म्हणालीस. त्याचं काय करायचं ते तू ठरव. तिचा पत्ता मागे लिहिलाय. मी आग्रह करणार नाही.

आता एकच राहिलं. लिहू की नको, असं करत हा कागद दोनदा घडी घालून ठेवला.

रुग्णालयातल्या त्या आठ दिवसांत आई एकदा शुद्धीवर आली होती. तुझी गाडी अजून पोचायची होती. मी तिचा हात धरून रडत होतो, माझं चुकलं म्हणत होतो. तिने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते, मी कापसाने ओले केले. ती म्हणाली, “ठकीला सांगू नका. तिला तुम्ही लागाल.”

दोन वर्षं मी त्या बोलण्याच्या आडोशाला बसलो. स्वतःला सांगत राहिलो की मी लपवत नाहीये, तिचा शब्द पाळतोय. तिने तो शब्द तुझ्या-माझ्यासाठी मागितला होता. तिसऱ्या कुणाला त्याची किंमत मोजावी लागेल हे तिला कुठे माहीत होतं. माहीत असतं तर तिने मागितला नसता. तू तिला माझ्याहून जास्त ओळखतेस.

छत्तीस वर्षांत तिचा शब्द मी आज पहिल्यांदा मोडतोय.

तुझे,
बाबा