कलकत्त्याचा नकार

माय, काल एक मुलगी दोन पत्रं घेऊन माझ्याकडे आली होती. माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं आहे, पुण्याहूनही बोलावणं आलंय आणि दिल्लीहूनही. "बाई, कुठं जाऊ?" असं तिनं विचारलं. मी तिला एवढंच म्हटलं की दोन्ही पत्रं अगदी खालपर्यंत वाच, आणि घरी आईला मोठ्यानं वाचून दाखव. ती गेली आणि मला चैन पडेना, म्हणून हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊन आता तीस वर्षं होतील. तरी लिहिते.

वाशिमच्या बाहेर, अनसिंगच्या रस्त्याला आपला मळा. वडील मला आठवतच नाहीत; आठवतेस ती तूच, ओल्या लुगड्याचा काचा मारून वांगी तोडताना. आपली भाजी कमी पडली की तू बाजारात दुसऱ्यांची टोपली विकत घ्यायचीस, तेव्हाची तुझी रीत मला आत्ता समोर दिसते आहे. तू वरच्या वांग्यांकडे बघतही नाहीस. कोपरापर्यंत हात आत घालतेस, एक मधलं काढतेस, एक बाजूचं, एक तळाचं, आणि तिन्ही तिथंच फोडतेस. विकणारा कुरकुरतो, "मावशी, सारं टोपलंच फोडता काय?" तू म्हणतेस, "वरचं तं कोनीबी चांगलंच लावते. मले बुडातलं पाहू दे." पुढं नागपूरला प्राध्यापकांनी नमुना निवडणं म्हणजे काय ते फळ्यावर मांडलं, तेव्हा वर्गात मी एकटीच हसले होते.

मिशनच्या दवाखान्यासाठी भाजी न्यायला यायच्या त्या सिस्टरनी मला बाजारातच पाहिलं. किडकी किती निघतील ते मी टोपलं न उपसता सांगत असे, आणि बहुतेक वेळा ते जमत असे. त्यांनी मला अकोल्याच्या त्यांच्या शाळेत नेलं. सुट्टीत मी घरी आले की तू माझ्या बुटांकडे बघत राहायचीस आणि मला चिखलात उतरू द्यायची नाहीस. मला ते आवडायचं, हेही आज लिहून टाकते.

बी.एस्सी. झाल्यावर दोन ठिकाणी अर्ज केले. नागपूरला गणितातलं एम.एस्सी. होतं, त्यात संख्याशास्त्राचे दोन पेपर. कलकत्त्याला मात्र त्या विषयाचा वेगळा विभागच नुकता निघाला होता. दोन्ही अर्जांवर पालकाची सही हवी होती. तू हात धुतलेस आणि सिस्टरनी दाखवलं तिथं अंगठा टेकवलास.

"काय असते वं हे, संख्याशास्त्र?"

"तू टोपल्यात हात घालतेस ना, तेच."

"अन् त्याच्यासाठी कलकत्त्याले जा लागते?" तू हसलीस, आणि मग एकदम गंभीर झालीस. "जाय मंग. मले तं कोनी शिकवलंच नाही."

त्या दिवसापासून तू दोन डबे भरायला घेतलेस. नागपूरसाठी लहान, कलकत्त्यासाठी मोठा. कुरडया, वाळवलेल्या मिरच्या, तिळाची चटणी. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, पण मोठा डबा आधी भरत होता.

कलकत्त्याचं पत्र आधी आलं. ते मी पोस्टमनच्या हातून रस्त्यातच घेतलं आणि विहिरीमागं जाऊन फोडलं. त्यांनी मला घेतलं होतं. दोन पानी पत्र होतं. राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात होईल असं लिहिलं होतं, आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: हिवाळ्यात विद्यार्थ्यांना भाताच्या शेतांवर जावं लागेल, निवडलेल्या तुकड्यातलं पीक कापून, मोजून, सगळ्या मुलखाचा अंदाज काढायला. माय, ते तुझंच काम होतं गं. मी ती ओळ चारदा वाचली. तिथं लढाईचे बॉम्ब पडून गेले होते, उपासानं माणसं रस्त्यावर मेली होती. बोली कळणार नाही, सिस्टर नाहीत, तू नाहीस. परक्या शेतांत परक्या पुरुषांबरोबर मी एकटी उभी आहे, असं काहीतरी डोळ्यांपुढं आलं. मी पत्र घडी करून पुस्तकात ठेवलं.

चार दिवसांनी नागपूरचं आलं. संध्याकाळी तू मला समोर बसवलंस. नागपूरचं पत्र मी वरपासून खालपर्यंत मराठी करून सांगितलं. मग पुस्तकातून कलकत्त्याचं काढलं.

"हे नाही म्हणतात," मी म्हणाले.

"वाच तं खरी."

"जागा भरल्या म्हणे."

"एवढा लांब कागद, अन् नाही एवढंच लिहिलं?" तू कागद हातात घेतलास आणि बोट ठेवलंस ते नेमकं शेवटच्या ओळीवर. "बुडाशी काय हाय?"

"सही आहे."

तू कागदाकडे पाहिलंस. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. "माहा अंगठा पाहून तं नाही म्हटलं त्याईनं?"

"नाही गं," मी म्हटलं. पण फार हळू म्हटलं. ते पत्र तुझ्या हातात होतं, तुला वाचता येत नव्हतं, आणि खरं सांगायला मला तेवढा एक क्षण होता. तू उठलीस, मोठा डबा उघडलास आणि लहान डब्यात ओतायला लागलीस. सगळं मावेना. राहिलेलं शेजारी देऊन आलीस.

तुझा खोकला वाढला होता, मोट एकटीनं होत नव्हती, तुझ्यासाठी जवळ राहिले, असं मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं. खोकला होता, ते खरंच. पण विहिरीमागं पत्र वाचताना तुझा खोकला मला आठवला नव्हता. मला भीती वाटली होती, एवढंच. नागपूरला ते दोन पेपर झाले, पुढं जन्मभर मी बीजगणित शिकवलं. शेतात उभी राहून एकदाही काही मोजलं नाही. आणि तू त्यानंतर कुठल्याही कागदावर अंगठा द्यायच्या आधी तो लुगड्याला दोनदा पुसायचीस, जणू दोष त्याचाच होता.

तुझी एकच चैन होती. बाजार उठला की स्टेशनाजवळच्या दुकानात एक कलकत्ता पान. त्या वर्षी दिवाळीला मी आले, आपण दोघी दुकानाशी थांबलो, पानवाल्यानं सवयीनं ते लावायला घेतलं. "कपुरी दे," तू म्हणालीस. तो हसला. "काकू, कलकत्त्यानं तुमचं काय घोडं मारलं?"

"माह्या पोरीले नाही म्हटलं त्याईनं. मी त्याईचं पान कायले खाऊ?"

मी बाजूला उभी होते, नवी साडी नेसून. पुढं तुला फार दिवस मिळाले नाहीत. मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तू गेलीस. शेवटपर्यंत ते पान तू तोंडात घातलं नाहीस.

हे मी मघाशीच लिहायला हवं होतं. त्या दिवाळीनंतर मी नागपूरला परतले. शनिवारी वर्ग सुटला की आम्ही चौघी मैत्रिणी बुटी पेठेतल्या दुकानावर जायचो, आणि मी कलकत्ता पान मागायचे. तू सोडलंस हे ठाऊक असून. एम.एस्सी. संपेपर्यंत, दर शनिवारी. मला ते आवडायचं, माय.