कॉम्प्युटरमधून निघालेल्या पिवळ्या तांदळाबाबत माझा खुलासा

नेकनूर,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

ती. आसारामदाजी, मुक्काम दिंद्रुड, यांना बद्रीनाथचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आक्कानं आणलेलं तेल लावता, की बाटली अजून तशीच बंद आहे? (आक्का फोनवर ‘लावतात’ म्हणाली, पण ते ज्या घाईनं म्हणाली त्यावरून मला शंका आहे.) म्हैस व्याली असेल, सून बाळंतपणाहून परत आली असेल, तिथलं सगळं ठीक असावं अशी आशा करतो. इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तपशील खाली देत आहे.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण दोन. एक, शुक्रवारपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. दुसरं, आमचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर सुटा होऊन पडला आहे आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नाही. अंगदच्या बाबतीत जे घडलं ते आक्काकडून तुमच्या कानावर गेलंच असणार, आणि ते तिखटमीठ लावून गेलं असणार. सायलीची चांगली चालून आलेली सोयरीक बापानं हातानं घालवली, असं घरात दोन दिवस चाललं आहे. म्हणून माझी बाजू एकदा कागदावर यावी, एवढाच या पत्राचा हेतू. हा खुलासा आहे, माफीनामा नाही. आणि मला तुमच्याकडे काहीही मागायचं नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

तर कॉम्प्युटर. दसऱ्यापर्यंत तो माणसासारखा चालत होता. दसऱ्यानंतर त्याला काय झालं देव जाणे. बटण दाबून मी आंघोळ करून, पूजा आटपून, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून यायचो, तरी पडद्यावर ते गोल चक्कर फिरतच असायचं. एक ओळ लिहिली की तिचं पहिलं अक्षर उमटेपर्यंत शेवटी काय लिहायचं होतं ते मी विसरायचो. (शाळेची प्रश्नपत्रिका अशीच तयार झाली. मुलं म्हणाली, सर, या वेळी पेपर सोपा होता. सोपा नव्हता, अर्धवट होता.) आणि तापायचा किती! सीपीयूच्या पेटीवर हात ठेवला की चटका बसायचा, आतून पिठाच्या गिरणीत खडा गेल्यासारखी घरघर यायची आणि थोड्या वेळानं काहीतरी भाजल्याचा खमंग वास सुटायचा. सत्यशीला स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, गॅसवर काय ठेवलंत?” लग्नापासून मी गॅसजवळ फिरकलेलो नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

आता एखादी वस्तू आपोआप बिघडते यावर माझा विश्वास नाही. बिघडवणारा कोणीतरी असतोच. पहिला संशय शेजारच्या शहादेववर गेला, आणि तो उगाच गेला नाही. हा माणूस संध्याकाळ झाली की बरोब्बर आमच्या भिंतीला खुर्ची टेकवून मोबाइल बघत बसतो. स्वतःच्या घराला चार भिंती असताना आमचीच का? म्हणजे आमचं इंटरनेट हा भिंतीतून ओढून घेतो, आणि भार आमच्या यंत्रावर पडतो. मी इंटरनेटचा डबाच बंद केला. कॉम्प्युटर तसाच तापत राहिला, शहादेवही तसाच बसून राहिला. (नंतर कळलं, त्या भिंतीला संध्याकाळी सावली असते. पण सावलीसाठी इतका वेळ कोणी बसतं का?) मग मी विजेवर संशय घेतला, समोरच्या मोबाइल टॉवरवर घेतला आणि शेवटी सायलीच्या मैत्रिणीनं नवरात्रात लावलेल्या एका पेन ड्राइव्हवर घेतला. ती मुलगी तेव्हापासून आमच्याकडे येत नाही. त्यावरून काय समजायचं ते समजावं.

दरम्यान उपचार चालूच होते. माळ्यावरचा कूलर मी खाली काढला, वाळा बदलला, पाणी भरलं आणि त्याचं तोंड सीपीयूकडे केलं. थंडीचे दिवस. घरातली माणसं स्वेटर घालून बसलेली आणि वारा त्या पेटीला. शहादेवनं खिडकीतून डोकावून विचारलं, “सर, या थंडीत कूलर कावून लावला वो? मशीन बाळंत झाली का काय?” मी म्हणालो, “तुझं काम कर.” तो म्हणाला, “काम न्हाई म्हणून तर बघतोय.” अशी माणसं शेजारी असल्यावर यंत्रानं तरी शांत कसं राहावं?

या अवस्थेत शुक्रवारी दुपारी अंगद दारात उभा राहिला. सत्यशीला म्हणाली, “दाजींनी पाठवलंय, कॉम्प्युटर बघायला आलेत.” मला एवढंच सांगण्यात आलं, दाजी. एवढंच! मुलगा घाटनांदूरच्या चांगल्या घरचा आहे, अंबाजोगाईला बँकेत कामाला आहे, त्यानं निमित्तानं यावं, मुलीनं त्याला आणि त्यानं मुलीला बघून घ्यावं, नाही जमलं तर कोणाचा पाणउतारा नको, हा तुमचा सगळा बेत माझ्या बायकोला ठाऊक, मुलीला ठाऊक, आक्काला ठाऊक. आणि “बद्रीनाथला सांगू नका, तो आधी पोराच्या गावात जाऊन पंचनामा करील” हे तुमचे शब्द, जे मला दोन दिवसांपूर्वी कळले. ते मला लागले. खरे आहेत, पण लागले.

आता माझ्या जागी बसून बघा. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येतो. हातात एक पानासुद्धा नाही. आल्या आल्या माझ्या पाया पडतो. (मोटार दुरुस्त करणारा कधी माझ्या पाया पडलेला नाही. तो बिल देताना डोळ्याला डोळासुद्धा देत नाही.) घरात काजू घातलेला शिरा होतो. मी आजारी असताना मला साधी खिचडी मिळते आणि कारागिराला शिरा! सायली नवा ड्रेस घालून स्वतः चहा घेऊन येते आणि विचारते, “साखर बरोबर आहे ना?” तो म्हणतो, “लई छान.” अजून त्यानं घोट घेतला नव्हता! वर्षानुवर्षं परीक्षेत कॉप्या पकडलेला माणूस आहे मी. एवढ्या खुणा दिसल्यावर मला कळायला वेळ लागला नाही, की हे तिघं मिळून जुना कॉम्प्युटर भंगारात काढून नवा माझ्या गळ्यात मारणार आहेत.

मी त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. म्हणालो, “चहा होत राहील. उघडा.” त्यानं एकदा सत्यशीलेकडे पाहिलं, एकदा शिऱ्याकडे पाहिलं, आणि बाह्या वर करून बसला. पेटीचं झाकण निघालं, तसा आतून चिमूटभर तांदूळ घरंगळला. मग मूठभर. हळदीनं पिवळा झालेला, काही दाणे भाजून तांबूस झालेले. मग वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. मग पंख्याच्या पात्यांना चिकटलेलं कुंकू. अंगद म्हणाला, “सर, पंखा यानंच अडकलाय.”

दाजी, भानामती थोतांड आहे यावर मी तालुकाभर व्याख्यानं दिली आहेत, हार घेतले आहेत. पण ती व्याख्यानं दुसऱ्यांच्या घरातल्या भानामतीवर होती. स्वतःच्या पुढच्या खोलीत हळदीचा तांदूळ, कुंकू आणि फुलं एका बंद पेटीतून निघाल्यावर मी दोन पावलं मागं सरलो, हे कबूल करतो. मात्र पुढच्याच क्षणी माझी बुद्धी जागी झाली. करणी वगैरे काही नसतं, म्हणजे हा हातचलाखीचा प्रकार! यानंच बाहीतून तांदूळ सोडला, आता घाबरवणार, उतारा सांगणार. मी वर्गात म्हणतो त्याच आवाजात म्हणालो, “उभा राहा. खिसे उलटे कर.”

त्यानं केले. आणि वरच्या खिशातून कागदाची पुडी निघाली. पुडीत अंगारा आणि कुंकू!

“हे काय हाय?”

“आईनं दिलंय सर. योगेश्वरीच्या देवळातलं. चांगल्या कामाला चाललास म्हणाली.”

“कॉम्प्युटर उघडणं हे कसलं चांगलं काम रे?”

यावर तो उठला. कानापर्यंत लाल झाला, पुडी उचलली, सत्यशीलेला नमस्कार केला आणि बूट घालून गेला. मी विजयी मुद्रेनं वळलो, तर सायली दारात उभी. म्हणाली, “बाबा, ते कॉम्प्युटर बघायला आले नव्हते.” आणि आत जाऊन तिनं दार लावलं.

तांदळाचं कोडं सत्यशीलेनं उलगडलं. आक्का दसऱ्याला आली होती, आठवतं? खंडेनवमीला तिनं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. विळा झाला, फवारणीचा पंप झाला, शिलाई मशीन झालं, मोटरसायकल झाली. मग म्हणाली, “बद्रीचं हत्यार तर हे हाय,” आणि कॉम्प्युटरकडे वळली. आक्काचा हात सढळ. पेटीच्या वरच्या बाजूला हवेसाठी जाळी असते, ती तिला देवाच्या तोंडासारखी दिसली. विळ्याला ओंजळभर अक्षता वाहिल्या तर त्या खाली पडतात, या देवानं मात्र सगळ्या पोटात घेतल्या. प्रसन्न झाला असं समजून तिनं अजून वाहिल्या. तोच नैवेद्य महिनाभर आत भाजत होता.

सबब माझा खुलासा असा, की पूजा तुमच्या मंडळींची, बेत तुमचा, अंगारा पोराच्या आईचा. माझं फक्त विचारणं होतं. पुढच्या खंडेनवमीला आक्कानं लांबूनच हात जोडावेत, एवढं तिला सांगावं. तिला साष्टांग, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
बद्रीनाथ

ता. क. वर ‘मला काही मागायचं नाही’ असं लिहिलं आहे, ते खोडायला जागा नाही म्हणून इथे लिहितो. दाजी, सायली माझ्याशी बोलत नाही. भांडली असती तर चाललं असतं. ताट वाढते, पाणी ठेवते आणि उठून जाते. तुम्ही एकदा घाटनांदूरला जा. पोराच्या वडिलांना सांगा, मास्तर जिभेचा वाईट आहे, मुलगी तशी नाही, आईवर गेली आहे. लागलं तर मी येऊन पाया पडतो. त्या पोराच्यासुद्धा पडतो. वयाचं नंतर बघू.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला म्हणून जाऊन पाहिलं. सायलीनं मोबाइल खांद्याला लावून कॉम्प्युटर जोडला. पलीकडून कोणीतरी सांगत होतं, कुठला स्क्रू कुठे. यंत्र सुरू झालं, थंड आहे, पळतंय. पण यंत्र सुरू झाल्यावरही फोन चालूच होता, आणि पंखा बसवण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं ते मला कळलं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, एवढा अपमान होऊनही जो पोरगा फोन उचलतो, त्याच्या मनात काय आहे, याची चौकशी नको का करायला? दोन दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “बाबा, तुम्ही त्यांचे खिसेसुद्धा तपासले. अजून काय तपासायचं राहिलं?”

माझा पंचनामा इथे संपला. तेव्हा येत्या रविवारी त्याच्या आईवडिलांना घेऊन या. आणि दाजी, या वेळी मला आधी सांगून या.