धुतलेले सदरे

ताई,

धाकटीचा नमस्कार घे. मी बरी आहे, शिवणकाम चाललंय. बाबा वेळेवर जेवतात का? तुझा गुडघा कसा आहे?

गेल्या आठवड्यात एक बाई आली. तिचा नवरा जाऊन महिना झाला होता. त्याच्या सहा सदऱ्यांची गोधडी शिवून द्या म्हणाली. माझी रीत तुला ठाऊक आहे, धुतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. दोन पाण्यांनी खळखळून धुतले, उन्हात वाळवले आणि गोधडी अशी शिवली की बघत राहावं.

बाईनं ती उचलून नाकाला लावली. मग म्हणाली, "धुतलेत तुम्ही?"

मी फटकन बोलले, "मग काय, घामट कापड शिवू?" माझं तोंड तुला माहीतच आहे.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "त्या घामासाठीच ठेवले होते." शिवाय निघताना "छान शिवलीत" म्हणाली.

तेव्हापासून चार दिवस मशीनवर बसले नाही. दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत पाठवली. तू म्हणशील, असं बसून धंदा होतो का? होत नाही, कळतंय मला. उद्या बसेन. आता आधी विचारेन, धुऊ का म्हणून.

आई गेल्यापासून खुंटीवर असलेली तिची साडी तू धुऊन पाठवते म्हणालीस. धुऊ नकोस, आहे तशी पाठव.

धुतली असशील, तर मला सांगू नकोस.

तुझी,
तोंडाळ धाकटी