घरी नाहीत

गास, १४ डिसेंबर १९९८

सँड्राच्या पप्पांना,

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तरी लिहितेय.

दारू सोडून तुम्हाला सत्तर दिवस झाले होते. चर्चच्या हॉलमधली दारू सोडणाऱ्यांची मीटिंग तुम्ही लागोपाठ दोनदा चुकवलीत, म्हणून तिथला आत्माराम घरी आला. ओटीवरून त्यानं हाक मारली, "पीटर आहे का?" मला रागच आला. एकेकाळी गुत्त्यावर तुमच्या मांडीला मांडी लावून बसणारा हा माणूस! त्यानं तीन वर्षं थेंब चाखला नव्हता म्हणे, पण मला ते पटत नव्हतं. वर शेजारीपाजारी बघत होते. मी दारातूनच म्हटलं, "घरी नाहीत."

तुम्ही आत पलंगावर बसून ऐकत होतात. त्याच संध्याकाळी गुत्त्यावर गेलात आणि मग थांबलाच नाहीत.

आत्माराम तुमच्या मयताला आला होता. मला म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी नुसता सोबत बसायला आलो होतो."

आता दर रविवारी मी हॉलमध्ये चहा करते. तिथे उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं, मग आपली चूक. तुमचं नाव लग्नानंतर मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. काल उभी राहिले. आत्माराम समोरच बसला होता.

म्हटलं, "मी लूर्डस. त्या दिवशी पीटर घरीच होते."

तुमची,
लूर्डस