खुर्चीतून उठायला लागलेला वेळ

तीर्थरूप मावशीस,

मनापासून नमस्कार (साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे, का ते पुढे येईलच). तू बरी असशीलच. गुडघे कसे आहेत हे मात्र विचारत नाही, कारण गेले पंधरा दिवस मी तुम्हा लोकांच्या गुडघ्यांशिवाय दुसरं काही वाचलेलं नाही. तुमचा ज्येष्ठांचा व्यायामवर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, याचा अहवाल ऑफिसात नेमका माझ्याच गळ्यात पडला. (साहेबांना म्हटलं, माझी सख्खी मावशी आहे हो त्या वर्गात. म्हणाले, सगळ्यांचं कोणी ना कोणी आहे, लिहा.)

आता गंमत ऐक. आमच्याकडचा आकडेवाला, त्याला सगळे दशांश म्हणतात. चहात साखर किती विचारलं तरी हा पठ्ठ्या टिंबाच्या पुढे दोन घरं जातो. त्याने तुम्हाला खुर्चीतून उठायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं; एकदा वर्ग सुरू झाला तेव्हा आणि एकदा सहा महिन्यांनी. तर म्हणे सगळ्यांना आधीपेक्षा जास्तच वेळ लागतो! म्हणजे व्यायामाने गुडघे बिघडले, करा वर्ग बंद. इकडे मुलाखती घेणाऱ्या बाईंना तुम्ही एकूण एक जणांनी सांगितलंत की गुडघे झकास, जिने चढतो, पिशव्या उचलतो. म्हणजे वर्ग वाढवा! दोघांची अशी जुंपली की काय सांगू. दशांश म्हणाला, म्हातारी माणसं तोंडदेखलं बोलतात. बाई म्हणाल्या, तुझ्या घड्याळाला काळीज नाही. आणि साहेब म्हणाले, दोन्हींचा मेळ घालून एकच निष्कर्ष द्या. आता मी बापड्याने काय करावं?

वैतागून मी दशांशने मोजणीच्या वेळी काढलेले व्हिडिओ लावले. पहिल्यात तुम्ही सगळे एकमेकांना अनोळखी, पिशव्या मांडीवर, तोंडं दाराकडे. तो 'उठा' म्हणाला मात्र, तुम्ही उठून जवळजवळ बाहेरच! दुसऱ्यात तो 'उठा, उठा' करतोय, घड्याळ पळतंय, आणि ते निवृत्त शिंपीकाका त्याला हातानेच थांबवताहेत, कारण तू शेजारणीच्या व्याह्यांची हकीकत ऐन रंगात आणली आहेस. हकीकत संपली आणि अख्खी रांग टुणकन उभी! अगं, मी इतका हसलो की खुर्चीसकट मागे पडलो (कंबर ती हीच). दशांशला दाखवलं. त्याने दोनदा मागे नेऊन पाहिलं आणि म्हणाला, पण घड्याळ बरोबरच होतं. बाई म्हणाल्या, माणसंही. साहेब म्हणाले, पुन्हा मोजा.

तुझा,
कंबरमोडका भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की शुक्रवारी फेरमोजणी आहे. 'उठा' म्हटलं की आधी उठायचं, व्याही नंतर. शिंपीकाकांना तूच दम दे. (मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नकोस, नोकरी जाईल.)

आणखी एक ता. क. मुलाखतींत नावं नसतात. पण एका आजींनी म्हटलंय, "भाचा रोज फोन करतो, जेवलीस का विचारतो आणि मी हो म्हणायच्या आत ठेवून देतो. इथे माझं ऐकून तरी घेतात." बाईंनी ते 'इतर' या रकान्यात टाकलं होतं, मी काढून अहवालात पहिल्या पानावर घेतलं. फार लागलं गं मावशी. रविवारी येतोय, दिवसभरासाठी. व्हिडिओत आवाज नीट नाही, व्याही शेवटी गेले की राहिले ते कळलंच नाही; पहिल्यापासून सांग. आणि बेल वाजली तरी उठू नकोस, किल्ली आहे माझ्याकडे.